हातावरचा पांढरा डाग

जवस उपटण्याचा महिना, दुसरा दिवस

आज अमर्या याजकांनी मला बंद केलं. सात दिवसांसाठी.

वेशीबाहेर द्राक्षमळ्याच्या बांधावर राखणदाराचं दगडी खोपट आहे, त्यात. दाराला बाहेरून दोरी बांधली आहे. आतून ढकललं तरी सुटेल इतकी ढिली, पण ढकलायचं नाही हे ठरलेलं आहे.

उजव्या हाताच्या आतल्या अंगाला, कोपराखाली, तीन बोटं रुंदीचा पांढरा डाग आहे. आठ दिवसांपूर्वी हात धुताना दिसला. मी काटा घेऊन टोचून पाहिलं, काही लागलं नाही. दुसऱ्या हातावर टोचलं, तिथंही फारसं लागलं नाही. बायकोला, हमूटलला, काही न सांगता मी स्वतःच याजकांकडे गेलो.

त्यांनी मला सावलीतून उन्हात ओढलं. डाग सावलीत बघत नाहीत. त्यांनी एक केस ओढून पाहिला, मान वाकडी करून डाग तिरपा पाहिला. डागातला केस काळाच आहे. कातडीपेक्षा खोल आहे की नाही, हे त्यांना सांगता येईना.

"इथं काही लागलं होतं? गळू? भाजलं होतं?"

मी म्हणालो, नाही.

"मग परमेश्वरालाच ठाऊक. सात दिवस थांब."

अमर्या बरं करत नाहीत. कोणीच करत नाही. याजक फक्त बघतो आणि बघून काय ते बोलतो. तो बोलला की माणूस तसा होतो. शुद्ध म्हणाला तर घरी, अशुद्ध म्हणाला तर कायमचा वेशीबाहेर.

येताना दऊत आणि बोरू बरोबर घेतले. दबीर गावाच्या वेशीवर बसून लोकांचे अर्ज लिहायचे, हा माझा धंदा. हाताला दुसरं काही येत नाही. लिहायला खापरं शोधावी लागली नाहीत. भूकंपानंतर गावात एक माठ धड नाही. जिथं पाय ठेवावा तिथं खापर आहे.

तिसरा दिवस

हमूटल भाकर आणि मसुरीचं कालवण घेऊन आली. वीस पावलांवरच्या दगडावर ठेवलं आणि मागं सरकली. मी झरोक्यातून बघत होतो.

"ऐकलं का, ठेवलंय," एवढंच म्हणाली.

पूर्वी ती मला 'अख्साचे बाबा' म्हणायची. आता म्हणत नाही. दुसरी हाक तिला सापडलेली नाही.

अख्सा आमची मुलगी. सात वर्षांची होती. उशिराच्या पेरणीच्या महिन्यात, दहाव्या दिवशी सकाळी जमीन हलली, तेव्हा ती घरात होती. मी वेशीवर होतो. हमूटल पाण्याला गेली होती. मी धावत आलो तेव्हा माळा खाली आला होता. चूल असलेल्या बाजूला मी दगड उपसत होतो असं लोक सांगतात. मला पहिला दगड आठवतो आणि मग तिला मांडीवर घेऊन बसलो होतो ते आठवतं. मधलं नाही. दोन्ही हात सोलले होते. कोणीतरी तेल लावून चिंध्या बांधल्या.

त्या दिवशी गावात एकोणतीस माणसं गेली. एकाच दिवशी सगळ्यांना पुरलं. मोलाने रडणाऱ्या बाया किती दारांना पुऱ्या पडणार? त्या आमच्या दारात थोडा वेळ रडल्या आणि पुढच्या दारी गेल्या.

मी कपडा फाडला. रीत म्हणून फाडला. तो फाटायचा आवाज मला आठवतो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

चौथा दिवस

इथं मी एकटा नाही. मळ्याच्या खालच्या अंगाला एका गुहेत अटारा राहते. अकरा वर्षांपूर्वी आधीच्या याजकांनी तिला बाहेर काढलं. मी तेव्हा नुकताच वेशीवर बसायला लागलो होतो. तिला जाताना पाहिलं होतं, ओठावर पदर धरलेला. तेव्हापासून ती मेली की आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

आज ती खोपटाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसली आणि माझी चौकशी केली. मी नाव सांगितलं, धंदा सांगितला.

"म्हणजे कारकून," ती म्हणाली. "बरं झालं. मागच्या खेपेला इथं एक बकऱ्यांचा दलाल होता, सात दिवस नुसता ओरडायचा. तू ओरडत नाहीस ना?"

मी म्हणालो, ओरडावंसं वाटत नाही.

"हं," ती म्हणाली. "मग तू जास्त आजारी आहेस."

तिला राजाविषयी विचारायचं होतं. यरुशलेमेत राजालाही हाच रोग आहे आणि तोही वेगळ्या घरात राहतो हे खरं का? मी म्हणालो, असं ऐकलंय. ती समाधानाने हसली. म्हणाली, त्याला निरोप पाठव, गुहा मोठी आहे, दोघांना पुरेल.

सहावा दिवस

काही झालं नाही. दुपारी डाग मोजला. तीन बोटंच.

सातवा दिवस

बसून बसून स्वतःच्या शरीराची तपासणी केली. याजक कातडी बघतात, मी आतलं बघायला गेलो.

माणूस म्हणजे माती आणि देवाने तिच्या नाकात फुंकलेला वारा, हे लहानपणापासून ऐकलं आहे. वारा आहे. नाकाखाली बोट धरलं, लागतो. रक्तात जीव असतो म्हणतात, म्हणून आपण कापलेल्या जनावराचं रक्त खात नाही, जमिनीवर ओततो. रक्तही आहे. काटा खोल घातला तेव्हा आलं. हृदयाने माणूस विचार करतो. माझं चालू आहे. कोणाचा अर्ज अर्धा राहिला आहे तेही ते मला सांगतं. कमरेतले गुर्दे रात्री माणसाला टोचतात, चूक दाखवतात, असं म्हणतात. माझे टोचत नाहीत, नुसते आहेत.

राहिला जीव. आमच्या बोलीत जीवाला आणि घशाला शब्द एकच. जो भुकेला असतो तो जीव, जो पाणी मागतो तो जीव, मरताना जो बाहेर पडतो तोही तोच. मी जेवतो, पण जेवण समोर आलं नाही तर मागत नाही. काल पाण्याचं मडकं दिवसभर भरलेलं राहिलं, मला पत्ता नव्हता.

अटाराला विचारलं, माणूस चालता-बोलता असताना जीव आधी निघून जाऊ शकतो का? ती म्हणाली, तिचा लहान भाऊ वारल्यावर तिची आई अशीच गेली होती. दळायची, सारवायची, सगळं करायची. दोन वर्षांनी एके दिवशी बसली ती उठलीच नाही. लोक म्हणाले, आज मेली.

"मग परत येतो का?" मी विचारलं.

"माझ्या आईचा नाही आला. तुझं मी कसं सांगू?"

नववा दिवस

सात दिवस भरले. अमर्या आले. दोरी सोडून मला उन्हात घेतलं. डाग वाढला नाही, फिका झाला नाही. आणखी सात दिवस.

जाताना म्हणाले, गावातले लोक विचारतात. भूकंप का झाला, कोणाच्या अशुद्धपणामुळे झाला, हे लोकांना हवं आहे. वेशीवरच्या कारकुनाला डाग पडला म्हटल्यावर त्यांना उत्तर मिळाल्यासारखं झालंय. त्यांचा स्वर वाईट नव्हता. थकलेला होता. त्यांचाही भाऊ त्या एकोणतिसांत आहे. मला त्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं.

दहावा दिवस

काही नाही. हमूटल आली, ठेवून गेली. आज कालवणात मीठ नव्हतं. तेही मी भाकर संपल्यावर ओळखलं.

अकरावा दिवस

हे खापर लिहून झालं की मी फोडणार आहे.

त्या दिवशी सकाळी अख्सा माझ्याबरोबर वेशीवर आली होती. ती नेहमी यायची. माझ्या पायाशी बसून चिखलाच्या गोळ्यांवर काडीने रेघा ओढायची. माझा बोरू चिरला. मी म्हणालो, घरी जा, कोनाड्यात दुसरा आहे तो आण. ती म्हणाली, आत्ता? मी म्हणालो, आत्ता.

ती घरात का होती हे हमूटलने मला विचारलं होतं. मी म्हणालो, माहीत नाही, भूक लागली असेल.

तेव्हा हा डाग कशाचा आहे, हे मला माहीत आहे. अमर्यांना माहीत नसेल. देवाचा हात ज्या हाताने चूक केली त्यावर पडला. मी त्या हाताने घराकडे बोट दाखवलं होतं.

असं लिहिलं तरी काही वाटत नाही. दुसऱ्याचा अर्ज लिहितो तसंच वाटतं.

बारावा दिवस

खापर फोडलं नाही. बाकीच्यांखाली ठेवलं आहे.

अटारा आज समोर आली. वीस पावलं अंतर ठेवून दगडावर बसली आणि हमूटलने ठेवलेले वाळलेले अंजीर माझ्या परवानगीने खायला लागली. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. हात, पाय, मान, चेहरा सगळं पांढरं. भुवया पांढऱ्या. कुठे काळा ठिपका नाही, कुठे उघडं मांस नाही.

तिने मला विचारलं, अशुद्ध ठरलास तर काय करशील? मी सांगितलं, जे सगळे करतात ते. कपडे फाडीन, केस मोकळे सोडीन, ओठ झाकीन, कोणी जवळ आलं की 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडेन.

"आणि पोरगी गेली तेव्हा काय केलंस?"

मी म्हणालो, कपडा फाडला.

"केस?"

"बांधलेले होते."

"ओठ झाकलास? ओरडलास?"

मी डागावर अंगठा फिरवला.

"बघ," ती म्हणाली. "मेलेल्यासाठी जे करायचं तेच आम्ही रोज करतो. तुला ते करायचंय. घरी जमलं नाही म्हणून इथं करायला आलास. कारकुना, ही काही बसायची जागा नव्हे. इथून परतीची वाट नाही."

मला ते पटलं नाही. मी आजारी आहे म्हणून इथं आहे.

तेरावा दिवस

सकाळपासून एकच गोष्ट मनात आहे आणि ती माझी नाही. दोन वर्षांपूर्वी अमर्यांकडची नियमांची जुनी चामड्याची गुंडाळी झिजली होती, म्हणून डागांचे सगळे नियम मी त्यांच्यासाठी नव्या चामड्यावर उतरवून दिले. मी काय उतरवतो याकडे मी लक्ष देत नाही, पण हाताला आठवतं. त्यात एक जागा आहे. रोग अंगभर पसरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला आणि उघडं मांस कुठंच दिसत नसेल, तर तो शुद्ध. उघडं मांस होतं आणि ते मागाहून पांढरं झालं, तरी त्याने याजकाकडे यावं आणि याजकाने त्याला शुद्ध म्हणावं.

अटाराला विचारलं. तिच्या हनुवटीवर उघडा व्रण होता, त्यासाठी काढलं होतं. तो भरून किती वर्षं झाली? सहा, ती म्हणाली. कदाचित सात.

"मग तू याजकाला दाखवलं का नाहीस?"

"जुने याजक वारले. नवे कधी आले नाहीत. मी वेशीशी जाऊन ओरडायचं का, बघा हो मला?" मग ती म्हणाली, "आणि दाखवून जायचं कुणाकडे? नवऱ्याने दुसऱ्या वर्षीच दुसरी केली. आता तर घरही पडलं म्हणतात."

ती उठून गेली. अंजीर उरले होते ते नेले नाहीत.

सोळावा दिवस

आज मला सोडलं. जसं झालं तसं लिहितो.

अमर्या सकाळी आले. त्यांच्या मागे, वीस पावलांवर नाही तर अगदी त्यांच्या पाठीशी, हमूटल होती. अमर्यांनी दोरी सोडली, माझा हात धरून उन्हात वळवला. डाग तेवढाच होता, थोडा मळकट झाला होता. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं आणि हमूटल म्हणाली, "ते भाजल्याचं आहे."

अमर्यांनी तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"मी पाण्याहून आले तेव्हा हे हातांनी दगड उपसत होते. चूल फुटली होती, आत निखारे होते. पोर त्यांच्या पलीकडे होती. यांनी त्यातून हात घातला. मी ओरडले. यांनी ऐकलं नाही. हात तसाच आत होता. कातडी जळायचा वास आला मला."

अमर्यांनी मला विचारलं, आठवतं का? मी म्हणालो, नाही. ते खरं आहे. मी हाताकडे पाहिलं, तो माझाच होता, पण मी ते ऐकलं शेजाऱ्याची गोष्ट ऐकावी तसं.

"मग बाई, चौदा दिवस का गप्प बसलीस?"

हमूटल जमिनीकडे बघत म्हणाली, "पहिले सात दिवस मला वाटलं, राहू दे यांना इथं. घरात लाकडासारखे बसायचे. माझ्याबरोबर एक दिवस रडले नाहीत. मग तुम्ही आणखी सात दिवस म्हणालात. त्या दिवसापासून मला अन्न जाईना. तरी यायचा धीर होत नव्हता. आज आले."

अमर्यांनी परत माझा हात उन्हात धरला. भाजलेल्या जागेवरचा डाग, न पसरलेला, मळकट. त्याचा वेगळा नियम आहे, मीच उतरवलेला. ते म्हणाले, "भाजल्याचा वण आहे. हा माणूस शुद्ध. कपडे धू आणि घरी जा."

मला आनंद झाला नाही. घाबरलो असं म्हणता येईल. कशाला, ते सांगता येत नाही.

मग मी अटाराचा विषय काढला. अमर्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, आधीच लोक बिथरलेले आहेत, आत्ता तिला आत आणली तर दगड उचलतील. मी नियम म्हणून दाखवला, अक्षर न अक्षर. ते म्हणाले, मला माहीत आहे तो. मी म्हणालो, माहीत असेल तर इतक्या वर्षांत एकदा तरी खाली यायला हवं होतं. असं मी याजकाशी कधी बोललो नव्हतो. माझा आवाज चढलाही नव्हता. त्यांचे कान लाल झाले. बघतो, म्हणाले.

वाटेत हमूटल पुढे, मी मागे. तिने विचारलं, ती बाई कोण? मी सांगितलं. ती म्हणाली, अंजीर तिनेच खाल्ले का सगळे? मी म्हणालो, थोडे राहिले.

एकोणिसावा दिवस

घराची एक भिंत उभी राहिली आहे. मी आणि हमूटल माती कालवतो, बोलत नाही. कोनाडा होता ती भिंत अजून पडलेलीच आहे.

वेशीवर गेलो. दोघे माझ्यापासून लांब उभे राहून अर्ज सांगत होते. एकाला देवाच्या हाताची भीती वाटते आणि दुसऱ्याला माझ्या. मी लिहून दिलं.

बाविसावा दिवस

अमर्या अटाराकडे गेले. कोणाला न सांगता सकाळी एकटेच मळ्यात उतरले. मला नंतर समजलं. त्यांनी अटाराला उन्हात उभं केलं, तळपाय बघितले, कानामागे बघितलं, केस बाजूला करून टाळू बघितली. मग म्हणाले, शुद्ध. ती म्हणाली, परत म्हणा. ते परत म्हणाले. ती खाली बसली.

नियमाने एवढंच पुरे होतं. पण लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून ते तिचं सगळं रीतसर करणार आहेत, दोन पक्षी, एक कापायचा आणि एक सोडून द्यायचा, मग केस काढणं, स्नान. त्यानंतर गावात यायचं, पण सात दिवस छपराखाली जायचं नाही. अंगणात राहायचं. प्रश्न होता कुणाच्या अंगणात. तिचे दीर म्हणाले, आमचं अंगण दगडांनी भरलंय.

मी हे घरी सांगितलं. सांगायचं म्हणून सांगितलं. हमूटल हात धुवत होती. म्हणाली, "आपल्या घराला छप्पर नाहीच. येऊ दे."

चोविसावा दिवस

अटारा आली. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, हमूटलचं जुनं वस्त्र अंगावर. गल्लीतून येताना बायकांनी पोरांना आत ओढलं. तिने सवयीने ओठावर हात नेला, 'अ' म्हणाली आणि थांबली. हात कुठे ठेवावा हे तिला कळेना. हमूटलने तिच्या हातात पाण्याची घागर दिली.

अठ्ठाविसावा दिवस

आज सकाळचं लिहून ठेवायला हवं.

नव्या चुलीवर हमूटलने पहिल्यांदा भाकरी केल्या. इतके दिवस शेजारून येत होत्या. आम्ही तिघं अंगणात बसलो होतो. अटारा भाकर हातात घेऊन म्हणाली, "पोरगी कशी होती?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. कशी गेली ते सगळ्यांनी विचारलं. आता ती कुठं आहे, अधोलोकात आजीला भेटली असेल का, तेही बोलले. कशी होती, हे नाही.

हमूटलने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता मी म्हणेन, चांगली होती. पण मी म्हणालो, "मी तिला पाठवलं होतं घरी. माझा बोरू चिरला म्हणून. भूक लागली नव्हती तिला. मी तुला खोटं सांगितलं."

हमूटल चुलीकडे वळली. निखारे सारखे केले. ते आधीच सारखे होते.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आल्या आल्या म्हणाली, बाबाला बोरू पाहिजे, लवकर. कोनाड्यातून काढून घेतलाही होता तिने. दारापर्यंत गेली होती. मी म्हणाले, थांब, गरम आहे तोवर खाऊन जा. मी तिला चुलीपाशी बसवली. घागर उचलली आणि पाण्याला गेले."

ती मला हे सांगत होती आणि अटाराकडे बघत होती.

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही काही विचारतच नव्हतात. तुम्हाला कळलंय का बघायला मी विचारलं, ती घरात का होती, तर तुम्ही भूक म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. म्हणून बोलत नाही."

मला तिच्याजवळ जायचं होतं. मी उठलो आणि गेलो. एवढ्याशा अंतराला बराच वेळ लागला असं वाटलं. मी तिच्या शेजारी चुलीपाशी बसलो. चुलीची धग उजव्या हाताला लागली, डागाच्या कडेला, जिथं कातडी चांगली आहे तिथं. मी हात मागे घेतला.

अटारा म्हणाली, "मी विचारलं ते राहिलंच."

हमूटल म्हणाली, "खायची वाईट सवय होती. भाकरीच्या फक्त कडा खायची. मधला भाग ठेवून द्यायची. मी रागावायचे. म्हणायची, आई, मऊ आहे ना, तुझ्यासाठी ठेवलाय."

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

"काय?"

"वेशीवर भाकर आणायची रोज, कडा खाल्लेली. मला म्हणायची, बाबा, मऊ तेवढं तुझ्यासाठी ठेवलंय. आईला सांगू नको."

हमूटल माझ्याकडे बघत राहिली. तिचं तोंड हसल्यासारखं झालं आणि ते तसं राहिलं नाही. तिने माझा दंड धरला, घट्ट, बोटं रुतेपर्यंत. मला लागत होतं. मी तिला सोड म्हणालो नाही.